‘हे वाचा’ : ग्रंथशिफारस या वाङ्मयीन कृतीचे स्वरूप

साहित्यकृतीविषयीच्या लेखनाचे परीक्षण, परिचय, रसग्रहण, आस्वाद, मूल्यमापन असे अनेक प्रकार मराठी समीक्षाविचारात मानले गेले आहेत. त्यांच्यातील सीमारेषांविषयी पुष्कळ चर्चाही झालेली आहे. मात्र या सर्वांच्या आधी घडणारी, आणि वाङ्मयीन व्यवहारात कदाचित सर्वाधिक वेळा घडणारी, एक कृती या वर्गीकरणाच्या बाहेरच राहिली आहे. एका वाचकाने आपल्याला आवडलेले पुस्तक दुसऱ्या वाचकाच्या हाती ठेवणे आणि ‘हे वाचा’ असे सांगणे, ही ती कृती होय. ती तोंडी असते, खाजगी असते आणि बहुधा तिची नोंद राहत नाही. म्हणून ती अभ्यासाचा विषय होत नाही. पण ज्या ठिकाणी ती लिखित रूपात शिल्लक राहिली आहे, म्हणजे प्रस्तावनांत, पत्रांत, सदरांत आणि रोजनिशीत, तेथे तिचा विचार करता येतो.

या कृतीसाठी मराठीत निखळ शब्द नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘शिफारस’ हा फारसीतून आलेला शब्द नोकरी, बढती आणि वशिला यांच्या व्यवहारात इतका मळला आहे की पुस्तकाची शिफारस म्हटले की त्यात काही हितसंबंध असावा, असा संशय येतो. ‘भलामण’ या शब्दात उपहासाची छटा आहे. ‘सुचवणे’ फार सौम्य आहे. एखादे पुस्तक वाचून झोप उडालेला माणूस ते दुसऱ्याला केवळ ‘सुचवत’ नाही. प्रस्तुत लेखात ‘शिफारस’ हाच शब्द, त्यावरील डाग लक्षात ठेवून, वापरला आहे. तो डाग पूर्णतः अस्थानी नाही, हे पुढील विवेचनातून दिसेल.

परीक्षण आणि शिफारस यांतील भेद केवळ अनुकूलतेचा नाही. परीक्षण साहित्यकृतीविषयी असते आणि ते कोणासाठीही असते. ते प्रतिकूल झाले तरी परीक्षणच राहते. शिफारशीला मात्र तीन पाय लागतात: पुस्तक, देणारा आणि घेणारा. देणाऱ्याला पुस्तक कळलेले असून भागत नाही, घेणाराही थोडाफार कळलेला असावा लागतो. ‘हे तुला आवडेल’ या वाक्यात पुस्तकाविषयीचे एक आणि माणसाविषयीचे एक, अशी दोन विधाने असतात आणि दोन्ही चुकू शकतात. परीक्षकाचे मत दुसऱ्याला पटले नाही तर मतभेद होतो. शिफारस केलेले पुस्तक न आवडता परत आले तर देणाऱ्याचा थोडा अपमान होतो, कारण त्याने पुस्तकाबरोबर स्वतःचे काहीतरी पुढे केलेले असते. शिफारस छापली जाते तेव्हा तिच्यातील हा ‘तू’ नाहीसा होतो. समोर राहतो तो अनोळखी वाचकवर्ग. हरवलेल्या त्या ‘तू’ची भरपाई मराठी लेखकांनी कशी केली, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

मुद्रणपूर्व परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर आढळते. पोथीच्या अखेरीस येणारी फलश्रुती ही मराठीतील ग्रंथशिफारशीची सर्वांत जुनी आणि सर्वांत निःसंकोच जागा मानता येईल. या ग्रंथाच्या पठणाने वा श्रवणाने काय लाभेल, ते तेथे स्पष्ट सांगितलेले असते. आजच्या दृष्टीने त्यातील वैचित्र्य असे की ही शिफारस ग्रंथ संपल्यावर येते, म्हणजे ज्याने तो ऐकलेला आहे त्यालाच उद्देशून येते. ती नवा वाचक मिळविण्यासाठी नसून झालेल्या श्रोत्याला पुन्हा आणि इतरांसह ग्रंथाकडे वळविण्यासाठी असते. श्रोता समोर बसलेला असल्याने तेथे ‘तू’चा प्रश्नच उद्भवत नाही. मुद्रणाने हा क्रम उलटा केला. शिफारस ग्रंथाच्या शेवटाकडून आरंभाकडे आली आणि तिला प्रस्तावना हे नाव मिळाले.

प्रस्तावना : पारखी आणि विद्यार्थी

मान्यवरांचे अभिप्राय पुस्तकाच्या प्रारंभी छापण्याची प्रथा आणि मान्यवराने लिहिलेली प्रस्तावना यांची परस्परांत सतत सरमिसळ होत आली आहे. बहुसंख्य प्रस्तावना म्हणजे लांबलेली प्रशस्तिपत्रे असतात, आणि त्यांचा येथे विचार करण्याचे कारण नाही. परंतु ज्या वेळी पुस्तकाचा कर्ता प्रस्थापित वाचकवर्गाच्या बाहेरचा असतो, त्या वेळी प्रस्तावनाकाराची भूमिका बदलते. तो जामीन राहतो. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ला (१९५९) वि. स. खांडेकरांची प्रस्तावना असणे हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. खांडेकरांचा वाचकवर्ग आणि साठे यांच्या कादंबरीतील जग यांत जे अंतर होते, ते ओलांडण्यासाठी त्या वर्गाच्या विश्वासातील एक नाव पुढे आले. तथापि या प्रकारच्या शिफारशीची दोन टोके पाहावयाची असतील तर १९५२ आणि १९७२ या सालांतील दोन प्रस्तावना एकत्र ठेवाव्या लागतात.

पहिली आचार्य प्र. के. अत्रे यांची, ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहाची. बहिणाबाई चौधरी यांचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या-गाणी मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, आणि एका आप्ताने टिपून ठेवलेली होती. सोपानदेवांनी ती संकोचानेच अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी वही हाती घेताच हे बावनकशी सोने असल्याचा निर्वाळा दिला आणि संग्रह प्रसिद्ध झाला, हा प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. त्याकडे शिफारशीच्या अंगाने पाहिल्यास दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, शिफारस करणारे अत्रे हे ‘झेंडूची फुले’चे (१९२५) कर्ते होते. समकालीन कवींच्या कृत्रिमतेची यथेच्छ टिंगल करून त्यांनी नाव मिळविले होते. सहजासहजी न भारावणाऱ्या माणसाचे भारावणे हे शिफारशीचे सर्वांत मोठे भांडवल असते. सदासर्वदा गौरव करीत फिरणाऱ्याच्या गौरवाला बाजारात किंमत नसते. हे भांडवल अत्र्यांनी पंचवीस वर्षे विडंबनातून साठवले होते, आणि ते एका प्रस्तावनेत खर्च केले, असे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट त्यांनी वापरलेल्या रूपकाची आहे. सोन्याचे रूपक हे पारख्याचे रूपक आहे. सोने आयतेच भूमीत असते, पारखी ते ओळखतो. या रूपकाने बहिणाबाईंना तत्काळ मान्यता मिळवून दिली, पण त्याचबरोबर त्यांना कसे वाचावे हेही ठरवून टाकले. निरक्षर शेतकरी स्त्रीच्या मुखातून उमटलेला चमत्कार, हा आश्चर्याचा सूर पुढे पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत स्थिरावला. जात्यावरच्या ओवीच्या सामूहिक परंपरेशी असलेले त्यांच्या रचनेचे नाते, लेवा बोलीच्या शब्दकळेतील नेमकेपणा, श्रम आणि रचना यांची तालबद्ध सांगड हे प्रश्न त्या आश्चर्याच्या सावलीत राहिले. चमत्काराला परंपरा नसते, म्हणून चमत्कार मानलेल्या कवयित्रीची परंपरा शोधण्याची निकड भासत नाही. शिफारस यशस्वी होण्याची ही किंमत आहे. त्या यशाविषयी मात्र संशयास जागा नाही. संकोचाने पुढे झालेल्या त्या वहीपासून सहासष्ट वर्षांनी, २०१८ मध्ये, जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

दुसरी प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ची (१९७२). येथे शिफारस करणारा पारखी नाही. तेंडुलकर त्या वेळी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे नाटककार म्हणून सर्वज्ञात होते. कवितेवर अधिकारवाणीने निर्वाळा देणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी केले ते उलट. या कवितांतील अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी मान्य केले, ते शब्द कवीला विचारले आणि ज्या वस्तीतून ही कविता येते ती वस्ती कवीबरोबर हिंडून पाहिली. प्रस्तावना या सर्वांचा वृत्तांत देते. म्हणजे शिफारशीचा आधार येथे अधिकार नसून अज्ञान आहे. मध्यमवर्गीय मराठी वाचकाला तेंडुलकर असे सांगत नाहीत की मी तपासले आहे, तुम्ही निर्धास्त व्हा. ते सांगतात की मला कळले नाही, मी विचारले, तुम्हालाही विचारावे लागेल. येथे हरवलेला ‘तू’ परत मिळतो, कारण प्रस्तावनाकार वाचकाच्या शेजारी येऊन उभा राहतो. अत्रे वाचकाच्या पुढे उभे होते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. वस्तीच्या वाटेने कवितेकडे नेल्यामुळे वाचकाचे लक्ष कवितेच्या भूगोलावर आणि शब्दसंग्रहावर खिळते. ढसाळांच्या प्रतिमांची उसळी, पुराण आणि गटार यांना एका ओळीत आणणारी त्यांची रचना, वाक्य मध्येच तोडून दुसऱ्या स्वरात जाण्याची लकब या गोष्टी केवळ परिसर समजल्याने उलगडत नाहीत. ‘गोलपिठा’ला दीर्घकाळ एक प्रकारचा अहवाल म्हणून वाचले गेले, त्याचा दोष प्रस्तावनेवर टाकणे अन्यायाचे होईल. पण तसे वाचण्याची सोय तिने करून ठेवली होती, हेही नाकारता येत नाही. असे असले तरी अध्यापकाच्या दृष्टीने या दोहोंपैकी अनुकरणीय कोणती, असा प्रश्न आला तर उत्तर तेंडुलकरांच्या बाजूने द्यावे लागेल. वर्गात कठीण कविता घेऊन जाणाऱ्याला सोन्याचा निर्वाळा देणे सोपे असते, आपल्याला काय कळले नाही ते सांगणे अवघड असते.

पत्र आणि अनुवाद

ज्या लेखनप्रकारात ‘तू’ नाहीसा होतच नाही तो म्हणजे पत्र. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचा पत्रव्यवहार त्यांच्या निधनानंतर खंडशः प्रसिद्ध झाला. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ मध्ये आली. एकाच संवादाची दोन अर्धुके अशा रीतीने निराळ्या पुस्तकांत आणि निराळ्या वेळी वाचकासमोर आली आहेत. ती समोरासमोर ठेवून वाचणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी उत्तम स्वाध्याय ठरेल. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारा, समारंभ आणि सभांपासून कटाक्षाने दूर राहणारा हा लेखक पत्रांत पुस्तकांविषयी विलक्षण मोकळेपणाने बोलतो. जी. एं.च्या बाबतीत पुस्तकांविषयी बोलणे हा स्वतःविषयी बोलण्याचा एकमेव सुसह्य मार्ग होता, असे या पत्रांच्या वाचनातून वाटत राहते. आवडत्या पुस्तकाचे नाव सांगणे म्हणजे आपल्या आत जाण्याच्या दाराकडे बोट दाखवणे. आत यावे की नाही, हे पाहुण्यावर सोपवलेले असते.

म्हणून या पत्रांतील मते समीक्षा म्हणून उद्धृत करण्याची जी प्रथा प्रबंधलेखनात रूढ झाली आहे, ती तपासून घ्यायला हवी. एका विशिष्ट व्यक्तीला, तिची आवड आणि तिची त्या दिवसांतील मनःस्थिती ध्यानात घेऊन लिहिलेले वाक्य हे सर्वांसाठी दिलेला निष्कर्ष नव्हे. पत्रातील अतिशयोक्ती ही शिफारशीचा भाग असते. ती वजा केल्यावर जे उरते त्यालाच जी. एं.चे वाङ्मयीन मत म्हणणे योग्य. प्रबंधातील तळटीपेत पत्राची तारीख असते, पण ते कोणाला लिहिले हे पुष्कळदा नसते, आणि येथे तेच अधिक महत्त्वाचे आहे.

शिफारशीचे याहून कष्टाचे रूप अनुवाद हे आहे. अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर यांची ‘द ट्रीज’ (१९४०), ‘द फील्ड्स’ (१९४६) आणि ‘द टाउन’ (१९५०) ही त्रयी जी. एं.नी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणली. रिक्टर यांच्या ‘द टाउन’ला १९५१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. तरीही जागतिक कादंबरीच्या नकाशावर ज्यांची नावे ठळकपणे दिसतात त्यांत ते नव्हते आणि आज तर आणखीच कमी आहेत. मराठी वाचकांच्या एका पिढीला मात्र ते घरचे वाटले. अनेक अमेरिकन पुस्तके त्या काळात अमेरिकी माहिती खात्याच्या साहाय्याने मराठीत येत होती आणि जयवंत दळवी त्या खात्यात काम करीत होते, हा भाग विसरून चालणार नाही. शिफारस या शब्दावरचा डाग तो हाच. पुस्तक आपल्यापर्यंत येते ते केवळ कोणाच्या आवडीने येत नाही, त्यामागे शीतयुद्धाच्या काळातील एखादे धोरणही असू शकते. परंतु धोरणाने पुस्तक उपलब्ध होते, प्रिय होत नाही. ‘रान’ हा शब्दच पाहावा. ‘झाडे’ हे शीर्षकाचे शब्दशः भाषांतर झाले असते. ‘रान’ म्हणताच माणसाने अजून हात न लावलेला, भोवती दाटलेला आणि गिळू पाहणारा विस्तार उभा राहतो. ‘शिवार’ म्हणताच तो कसलेला होतो. तीन शीर्षकांत वसाहतीची सारी वाटचाल मराठी शेतकऱ्याच्या शब्दांत मांडली गेली आहे. ज्याला पुस्तक मनापासून दुसऱ्याच्या हाती द्यायचे आहे त्यालाच असे शब्द सापडतात.

सदर आणि रोजनिशी

नियतकालिकातील ग्रंथविषयक सदर ही शिफारशीची सर्वांत सार्वजनिक जागा. गोविंद तळवलकर (१९२५–२०१७) हे १९६८ ते १९९६ या काळात ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते. इंग्रजीतील इतिहास, चरित्र, राजकारण आणि साहित्य या विषयांवरील नव्याजुन्या ग्रंथांविषयी त्यांनी केलेले लेखन ‘वाचता वाचता’, ‘ग्रंथ-सांगाती’ इत्यादी पुस्तकांत संगृहीत झाले आहे. त्यांच्या लेखनाने मराठी वाचकाचे क्षितिज विस्तारले, हे विधान आता इतके सर्वमान्य आहे की त्यात भर घालण्याची आवश्यकता नाही. येथे एक निराळी शंका उपस्थित करावयाची आहे. ज्या ग्रंथांचा परिचय ते करून देत, ते ग्रंथ त्यांच्या बहुसंख्य वाचकांना मिळणे दुष्कर होते. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाला विलायतेत प्रसिद्ध झालेले चरित्र कोठून मिळणार? परिणामी लेखात ग्रंथाचा आशय भरघोसपणे द्यावा लागे. लेख वाचून ग्रंथ वाचल्याचे समाधान मिळे. म्हणजे ही अशी शिफारस होती की जी कळत-नकळत ग्रंथाची जागा घेत असे. लेखकाचा व्यासंग जेवढा दांडगा, तेवढी वाचकाला मूळ ग्रंथाची गरज कमी. तळवलकरांनी अनेकांना वाचायला लावले हे खरे, पण त्यांनी वाचायला लावले ते मुख्यतः तळवलकरांना. यात त्यांचा दोष नाही. ग्रंथालयांच्या आणि ग्रंथवितरणाच्या दुरवस्थेत परिचयाला ग्रंथाचे काम करावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

सतीश काळसेकर (१९४३–२०२१) यांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ (२०१०) या पार्श्वभूमीवर वेगळी उठून दिसते. लोकवाङ्मय गृहाच्या ‘आपले वाङ्मय वृत्त’मधील त्यांच्या सदरातून हे पुस्तक सिद्ध झाले. २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्यांच्या पुस्तकांविषयी असलेल्या पुस्तकाला, आणि तेही रूढ अर्थाने समीक्षा नसलेल्या पुस्तकाला, हा पुरस्कार मिळावा ही घटना तिच्या योग्यतेइतकी चर्चिली गेलेली नाही. प्रथम शीर्षक पाहू. काळसेकरांनी ‘वाचकाची रोजनिशी’ असे म्हटलेले नाही. ‘वाचक’ ही मुद्रणव्यवसायाने घडविलेली संज्ञा आहे. वाचकवर्ग, वाचकप्रिय, वाचकांची पत्रे या समासांतून तो एक अनाम समूह म्हणून वावरतो. ‘वाचणारा’ हा कर्ता आहे. लिहिणारा, गाणारा, कष्ट करणारा यांच्या पंक्तीत तो बसतो, आणि तो काही तरी करीत असतो. साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या चळवळीतून आलेल्या कवीने हा शब्द निवडावा यात संगती आहे. त्याच चळवळीतील, भालचंद्र नेमाडे यांच्याशी निगडित असलेल्या औरंगाबादच्या एका अनियतकालिकाचे नाव ‘वाचा’ होते. ते नामही होते आणि आज्ञार्थी क्रियापदही. वाणी आणि ‘वाचा’ असा आदेश यांचा एकाच शब्दात झालेला मेळ हा त्या चळवळीचा जाहीरनामाच म्हणावा लागेल.

काळसेकरांच्या लेखनात पुस्तक कधी एकटे येत नाही. ते कोणी दिले, कोणत्या दुकानात वा पदपथावर सापडले, कोणत्या मित्राच्या बोलण्यातून त्याचा पत्ता लागला, याचा धागा त्याला चिकटलेला असतो. मोठ्या प्रकाशनगृहांच्या पुस्तकांबरोबरच छोट्या प्रकाशकांची, अनियतकालिकांची, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतील पुस्तके तेथे एकाच ओटीवर बसलेली दिसतात. मूल्यनिर्णय क्वचितच सविस्तर असतो. पुष्कळदा तर पुस्तकाचा आशयही थोडक्यात आटोपलेला असतो, आणि याच कारणाने ती शिफारस अधिक परिणामकारक ठरते. तळवलकरांचा लेख वाचून तृप्ती येते, काळसेकरांची नोंद वाचून भूक लागते. रोजनिशीच्या रूपाचाही यात वाटा आहे. रोजनिशीतल्या नोंदीला दिनांक असतो. अमुक पुस्तक थोर आहे असे ती म्हणत नाही. अमुक दिवशी, अमुक परिस्थितीत ते मला भेटले, एवढेच म्हणते. अनोळखी वाचकवर्गापुढे ‘तू’ उभा करता येत नसेल तर निदान ‘मी’ तरी खराखुरा, तारीखवार उभा करावा, असे उत्तर काळसेकरांनी शोधले.

या पुस्तकाविषयी एक आक्षेप घेता येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मित्रांच्या वर्तुळातून येणारी पुस्तके मित्रांच्या वर्तुळातच फिरतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबेर एस्कार्पी यांनी १९५८ मध्ये साहित्याच्या समाजशास्त्राची मांडणी करताना सुशिक्षितांचे वर्तुळ आणि लोकप्रिय वर्तुळे असा भेद केला होता. पहिल्या वर्तुळात लेखक, समीक्षक आणि वाचक एकमेकांना प्रतिसाद देत असतात, दुसऱ्यात पुस्तक पोहोचते पण वाचकाचा आवाज परत येत नाही. लघुअनियतकालिकांनी प्रस्थापित वर्तुळाशी भांडण मांडले, पण स्वतःचेही एक वर्तुळ तयार केले. काळसेकरांची रोजनिशी त्या वर्तुळाचे दार उघडे ठेवते, हे तिचे मोठेपण. तरी दार उघडे आहे हे बाहेरच्याला कळण्यासाठी तो आधी त्या गल्लीत यावा लागतो.

कोणी कोणाला सांगावे

शिफारशीचा प्रवाह सामान्यतः वरून खाली वाहतो: ज्याच्याकडे पुस्तके आहेत त्याच्याकडून ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडे. हा प्रवाह ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते त्यांनी स्वतःच्या हाती घेतला, त्याचे सर्वांत महत्त्वाचे मराठी उदाहरण मिलिंद महाविद्यालयाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबादेत स्थापन केलेल्या या महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांचे उच्च शिक्षण अमेरिकेत झाले होते. तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची ओळख त्यांनी येथील तरुण लेखकांना करून दिली. जनार्दन वाघमारे यांनी याच साहित्यावर मराठीतून लेखन केले आणि पुढे ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ (१९७८) हा ग्रंथ लिहिला. १९६७–६८ च्या सुमारास सुरू झालेले आणि गंगाधर पानतावणे यांनी पुढे दीर्घकाळ चालविलेले ‘अस्मितादर्श’ हे या वातावरणातूनच उभे राहिले.

ही शिफारस अनेक अर्थांनी अशक्य कोटीतील होती. पुस्तके इंग्रजीत, तीही अपरिचित बोलींच्या इंग्रजीत. ती ग्रंथालयात असली तरी प्रत एखादीच. ऐकणारे विद्यार्थी बहुधा घरातील पहिली शिकलेली पिढी. त्यांच्यापैकी कितींनी ती पुस्तके प्रत्यक्ष वाचली, या प्रश्नाला येथे गौण स्थान आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, गुलामगिरीतून आलेल्या माणसांनी स्वतःचे जगणे स्वतःच्या भाषेत लिहिले आणि त्याला साहित्य म्हटले गेले, एवढी वार्ता पोहोचणे पुरेसे होते. प्रस्थापित अभिरुचीच्या दृष्टीने जे लिहिण्यायोग्यच नव्हते ते लिहिण्याची मुभा त्या वार्तेने दिली. शिफारशीचे फळ वाचनात न दिसता लेखनात दिसले. म्हणून दलित साहित्यावरील कृष्णवर्णीय साहित्याच्या प्रभावाची चर्चा करताना कथा-कवितांतील साम्यस्थळांची यादी करणे फारसे उपयोगी नाही. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा आहे, तो कोणाच्या अनुकरणाची वाट पाहत थांबला नव्हता. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये या दोन साहित्यांची तुलना केली आहे. तुलनेचा तो मार्ग अनुकरणाच्या शोधापेक्षा अधिक सुरक्षित आहे.

येथे महात्मा फुले यांच्या १८८५ च्या पत्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले, कारण ज्यांना सामान्य माणसाचे हक्क मान्य नाहीत त्यांच्या सभांतून आणि त्यांच्या ग्रंथांतून आपला अर्थबोध होणार नाही, अशी त्यांची धारणा होती. कोणती पुस्तके चांगली हे ठरविणाऱ्या मंडळीतच मी बसणार नाही, असा तो नकार होता. मिलिंद महाविद्यालयात जे घडले ते या नकाराचे विधायक उत्तर मानता येईल. त्यांच्या यादीत जागा मागण्याऐवजी येथे स्वतःची यादी केली गेली.

यादी हा शब्द आला की विद्यापीठीय वाचकासमोर अभ्यासक्रमाच्या शेवटी छापलेली संदर्भग्रंथांची यादी उभी राहते. तीही शिफारसच आहे. तिचे इंग्रजी नाव तेच सांगते. पण ती निनावी आहे. अभ्यासमंडळाच्या बैठकीत ती मंजूर झालेली असते आणि मागील यादीतील नावे पुढील यादीत येतात. वीस-पंचवीस ग्रंथ, लेखक, प्रकाशक आणि साल यांसह, एका खाली एक उभे असतात. कोणते आधी वाचावे, कोणत्याशी भांडावे, कोणते केवळ एका प्रकरणासाठी हाती घ्यावे, यांतील काहीही त्या पानावर नसते. त्यांतील काही ग्रंथ बाजारात वर्षानुवर्षे अनुपलब्ध असतात आणि महाविद्यालयाच्या कपाटात तर नसतातच. विद्यार्थी ती यादी उतरवून घेतो आणि प्रबंधाच्या शेवटी जशीच्या तशी ठेवतो. न वाचलेल्या पुस्तकांची ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी सभ्यपणे चालू असते.

त्या यादीत जे नसते ते वर्गाच्या बाहेर घडते. तास संपल्यावर दाराशी थांबलेला एखादा विद्यार्थी विचारतो की सर, यांतले खरोखर कोणते वाचू? त्या क्षणी अध्यापकाला पुस्तक माहीत असावे लागते आणि विद्यार्थीही. त्याने स्वतः ते कधी वाचले, वाचताना कोठे अडखळला, हे आठवावे लागते. पुष्कळदा तो घरून आपली प्रत आणून देतो, पहिल्या पानावर नाव घालून. ती परत येते तेव्हा समासात दुसऱ्याच्या पेन्सिलच्या खुणा असतात, आणि त्या बहुधा त्याने केलेल्या खुणांच्या जागी नसतात.